शब्दांचें गोत्र : फी, पशु आणि उत्तर समुद्रांतील मेंढी

नव्या वर्षाच्या आरंभीं शाळेच्या फीची चिठ्ठी घरोघर येते, तशी ती यंदा आमच्याही घरीं आली. एकत्र कुटुंबांत चार मुलांची फी एकदम भरावयाची, त्यामुळें हा विषय रात्रीच्या पंक्तीस निघालाच. माझ्या धाकट्या नातीस दोन घांसांच्या मध्यें एक प्रश्न विचारल्यावांचून अन्न गोड लागत नाहीं. तिनें विचारलें, "आजोबा, फी हा शब्द मराठी कीं इंग्रजी?" मीं "इंग्रजी" म्हणून सांगितलें आणि वरण वाढून घेतलें. परंतु सारा जन्म मास्तरकींत घालविलेल्या माणसाचें एका शब्दाच्या उत्तरानें स्वतःचेंच समाधान होत नाहीं. जेवण झाल्यावर कोश उघडला. त्या कोशानें मला एका शब्दाच्या हातून दुसऱ्याच्या हातीं देत देत उत्तर अटलांटिक समुद्रांतील दोन वाऱ्यानें झोडपलेल्या देशांत नेलें, आणि तेथून परत आणलें तें थेट आपल्या वैदिक ऋषींच्या गोठ्यांत. तोच प्रवास आज वाचकांस घडवावयाचा आहे. प्रवासाच्या शेवटीं माझ्याच एका जुन्या चुकीशीं गांठ पडली, तीही सांगणार आहें.

हे दोन देश म्हणजे आइसलंड आणि फॅरो बेटें. पहिला देश उत्तर ध्रुववृत्ताला टेकलेला. दुसरा नॉर्वे, स्कॉटलंड आणि आइसलंड यांच्या मधल्या समुद्रांत पसरलेला अठरा बेटांचा पुंजका. नवव्या शतकांत नॉर्वेकडील लोक गलबतांतून या भूमींवर गेले आणि जातांना आपली भाषा व आपलीं जनावरें दोन्ही बरोबर घेऊन गेले. त्या जुन्या भाषेच्या दोन मुली आज तेथें नांदत आहेत, आइसलंडी आणि फॅरोई. त्यांतील थोरलीनें तर माहेरचीं लेणीं इतकीं जपून ठेविलीं आहेत कीं, तेराव्या शतकांतील ग्रंथ आजचा सुशिक्षित आइसलंडी मनुष्य थोड्या सायासानें वाचूं शकतो.

या आइसलंडी भाषेंत 'फ्ये' असा एक लहानसा नपुंसकलिंगी शब्द आहे. शेतकऱ्यास विचारा, तो म्हणेल, फ्ये म्हणजे मेंढरें. पेढीवरच्या कारकुनास विचारा, तो म्हणेल, फ्ये म्हणजे पैसा. दोघेही खरें बोलतात. या शब्दाचें षष्ठीचें रूप 'फ्याउर' असें होतें आणि त्यापासून झालेल्या समासांची मौज पाहण्यासारखी आहे. 'फ्याउरहूस' म्हणजे मेंढरांचा गोठा, 'फ्याउरहुंदुर' म्हणजे मेंढरें राखणारा कुत्रा; आणि त्याच पंक्तीला बसलेला 'फ्याउरमाउल' म्हणजे अर्थव्यवहार! त्या देशाच्या अर्थमंत्र्याचें पदनाम याच शब्दापासून झालेलें आहे, तेव्हां तें अक्षरशः फोडूं गेल्यास 'मेंढरांच्या कारभाराचा मंत्री' असें निघेल. त्याहून गमतीची एक जोडी आहे. 'फ्याउरहिर्धिर' म्हणजे मेंढपाळ, आणि 'फ्येहिर्धिर' म्हणजे खजिनदार. दोघेही 'फ्ये' राखणारेच. एकाची काठी हातांत, दुसऱ्याची किल्ली कमरेला, इतकाच काय तो फरक.

असें होण्याचें कारण त्या देशाच्या संसारांत आहे. तेथें धान्य जेमतेम पिकतें, वनें नाहींतच म्हटलें तरी चालेल. लोकांनीं शतकानुशतकें जगावें तें मेंढरांवर आणि मासळीवर. अंगावर मेंढीची लोकर, पानांत तिचें मांस व दूध, आणि देण्याघेण्यांतही तीच. चांदी दुर्मीळ झाल्यावर तेथील कायद्यानें विनिमयाचें मान ठरविलें तें असें : एक दुभती गाय म्हणजे लेकुरवाळ्या सहा मेंढ्या, आणि तेंच मोल १२० हात घरगुती लोकरीच्या कापडाचें. 'गाईचें मोल' या अर्थाचा शब्दच हिशेबाचें एक परिमाण होऊन बसला, आणि जमिनीची किंमतही याच मापानें मोजूं लागले. ज्या देशांत नाणें चरतें आणि पितें, त्या देशांत पैसा आणि जनावर यांना दोन शब्द कशाला हवेत?

आणि हें नाणें मरतही असे. ८ जून १७८३ रोजीं आइसलंडांतील लाकी येथें भूमि फाटून ज्वालामुखीचीं मुखें उघडलीं आणि आठ महिने तीं धुमसत राहिलीं. त्या विषारी वाफांनीं गवत विटाळलें. तें खाऊन देशांतील सुमारें ८० टक्के मेंढरें मेलीं, आणि त्यांच्या मागोमाग दुष्काळानें सुमारें पंचमांश माणसें गेलीं. त्या काळच्या मनुष्यानें 'आमचा फ्ये गेला' असें म्हटलें असेल, तर त्यांतून जनावर वेगळें आणि द्रव्य वेगळें काढतां येणार नाहीं. पुढें २००८ सालच्या आक्टोबरांत त्याच देशांतील तीन मोठ्या बँका एका आठवड्यांत कोसळल्या. बुडाला तोही फ्येच. तोपर्यंत त्या शब्दाचा पैशाकडील अर्थ कागदावर चढून बसला होता. परंतु त्याच शरद् ऋतूंत शेतकऱ्यांनीं नेहमींप्रमाणें डोंगरांवरून मेंढरें खालीं आणलीं, कानांवरच्या खुणा पाहून ज्याचीं त्यास वाटून दिलीं, आणि त्यांसही ते फ्येच म्हणत होते.

आतां फॅरो बेटांकडे वळूं. हींही मेंढरांचींच भूमि. आयर्लंडचा दिकुइल नांवाचा एक साधु होऊन गेला. त्यानें ८२५ सालीं लिहिलेल्या भूवर्णनांत उत्तरेकडील ज्या बेटांवर अगणित मेंढरें असल्याचें नमूद केलें आहे, तीं हींच असावींत असें विद्वान् मानतात. बेटांच्या नांवाचा अर्थही बहुतेक पंडित 'मेंढ्यांचीं बेटें' असाच करतात. त्यांचें उपलब्ध असलेलें सर्वांत जुनें राजपत्र १२९८ सालचें आहे आणि त्याचें नांवच 'मेंढ्यांचें पत्र'. कुणाच्या कुरणांत कुणीं किती मेंढ्या सोडाव्या, दुसऱ्याच्या मेंढीस कुत्रा लावल्यास काय करावें, असे निर्बंध त्यांत घालून दिले आहेत. आजही तेथें माणसें सुमारें ५४ हजार आणि मेंढ्या सुमारें ७० हजार. राजचिन्हावर मेंढा उभा आहे, तो उगीच नव्हे.

फॅरोई भाषेंत आपल्या शब्दाचें रूप 'फॅआ' असें आहे, आणि तो जनावरांकडे अधिक झुकला आहे. द्रव्याचा अर्थ त्याच्या जुन्या षष्ठीच्या रूपांत लपून राहिला. तें रूप 'फीग्ग्यर' असें लिहितात, आणि तेथील अर्थखात्याच्या नांवाच्या आरंभीं तें आजही बसलेलें आहे. एकाच बापाचे दोन मुलगे, एक शेतावर राहिला, दुसरा कचेरींत गेला, असाच हा प्रकार.

प्रत्यक्ष मेंढीला मात्र फॅरोईंत 'सेइयुर' आणि आइसलंडींत 'सोइधुर' असा निराळा शब्द आहे. त्याचें मूळ 'शिजविणें, उकळणें' या अर्थाच्या धातूंत आहे. त्याच कुळांतील जुन्या गॉथिक भाषेंत त्याच शब्दाचा अर्थ 'बलि' असा होता. म्हणजे देवापुढें शिजवून अर्पण करावयाचा प्राणी, तो पुढें नुसती मेंढी झाला. यज्ञीय प्राण्यास 'पशु' म्हणणाऱ्या आपल्या याज्ञिकांस हें वाचून नवल वाटणार नाहीं. आणखी एक गोष्ट : आइसलंडींत 'सोइधुर' ही भोळसट मनुष्यास द्यावयाची शिवीही आहे. जिच्या लोकरीवर राष्ट्र जगलें, तिच्याच नांवानें मूर्खास हाक मारावयाची! परंतु आपणांस हंसावयास जागा नाहीं, हें पुढें दिसेलच.

'पशु' शब्द ओठांवर आलाच आहे, तर आतां गुपित फोडतों. उत्तर समुद्रांतील फ्ये आणि आपला पशु हे सख्खे भाऊ आहेत. आपला 'प' त्यांच्याकडे 'फ' होतो, हा नियम आहे : पितृ तो फाधिर, पाद तो फोतुर, पूर्ण तो फुल्लुर. आपल्या 'श'च्या जागीं त्यांच्याकडे 'ह' येतो : शत आणि हुंद्राध, श्वन् आणि हुंदुर. गॉथिकांत हा शब्द 'फेहु' असा सापडतो. तो 'पशु'शेजारीं ठेवा, म्हणजे दुसरा पुरावा नको. पुढें उत्तरेकडे मधला 'ह' गळला आणि 'फ्ये' राहिला. लॅटिनमध्यें 'पेकु' म्हणजे जनावरें, आणि त्यापासून झालेला 'पेकुनिआ' म्हणजे पैसा. केवळ एका शब्दावर हें साम्य थांबत नाहीं. मेंढीला आपण 'अवि' म्हणतों, आइसलंडी तिला 'आइर' म्हणतो. गाय ती 'गो', तिकडे 'कीर'. जिवंत धनास, म्हणजे गुराढोरांस, आइसलंडींत 'क्विकफ्ये' म्हणतात; त्यांतील 'क्विक' म्हणजे आपला 'जीव', आणि 'फ्ये' म्हणजे आपला 'पशु'. हजारों कोसांवरचा तो समास संस्कृतांत जसाच्या तसा 'जीवपशु' असा उतरतो!

या वर्णविकाराचा नियम पहिल्यानें स्पष्ट मांडणाऱ्यांत रास्मुस रास्क हा डॅनिश पंडित होता. त्यानें १८११ सालीं आइसलंडीचें व्याकरण लिहून त्यांतच फॅरोईचेंही दिग्दर्शन केलें, १८१६ सालीं आइसलंडी साहित्य-मंडळ स्थापण्यांत पुढाकार घेतला, आणि १८१८ सालच्या निबंधांत उत्तरेकडील भाषांची ग्रीक-लॅटिनशीं वर्णशः तुलना केली. आपल्या वाचकांस विशेष वाटेल तें हें कीं, हाच रास्क इराणमार्गें १८२० सालीं आपल्या मुंबईस येऊन राहिला आणि पारशी लोकांच्या धर्मग्रंथांचीं जुनीं हस्तलिखितें मिळवून कोपनहेगनला घेऊन गेला.

या रास्कानें काढलेल्या मंडळाच्या नांवांत जो 'मंडळ' या अर्थाचा शब्द आहे, तो 'फ्येलाग'. त्याची फोड 'फ्ये एकत्र ठेवणें' अशी होते. ज्यांनीं आपापलें धन एका ठिकाणीं घातलें त्यांचा तो फ्येलाग, आणि त्यांतील प्रत्येकजण 'फ्येलागी'. आज व्यापारी कंपन्यांपासून वाचनमंडळांपर्यंत सर्वांना तेथें हाच शब्द लावतात, आणि फॅरोईंतही तो 'फेलाग' म्हणून नांदतो. उत्तरेकडील दर्यावर्दी लोकांबरोबर हा शब्द इंग्लंडांत उतरला आणि त्याचा 'फेलो' झाला. आमच्या विद्यापीठांचे 'फेलो' गळ्यांत झूल घालून मिरवतात, तेव्हां मूळ अर्थानें ते सामाईक कळपाचे भागीदार आहेत, हें त्यांच्या ध्यानीं नसतें. आपल्या अविभक्त कुटुंबास मात्र हा शब्द चांगला शोभतो : चुली निराळ्या करण्याच्या दिवसांतही ज्यांनीं आपलें मिळविलेलें एका पेटींत ठेविलें, ते खरे फ्येलागी.

तर मग 'फी'चें काय? जुन्या इंग्रजींत 'फेओह' हा याच कुळांतील शब्द होता आणि त्यालाही गुरें व द्रव्य असे दोन्ही अर्थ होते. आजची 'फी' मात्र फ्रेंचांच्या हातून, जहागिरीच्या भाषेंतून आलेली आहे. त्या फ्रेंच शब्दाच्या मुळाशींही जर्मन शाखेंतील हाच शब्द असावा, असें बहुतेक कोशकार मानतात. तेव्हां नातीस मीं दिलेलें उत्तर अर्धेंच होतें. फी इंग्रजी खरी. पण तिचें गोत्र पशूचेंच.

आणि 'गोत्र' या शब्दाचें तरी काय? संध्येला बसतांना आपण ज्याचा उच्चार करतों, त्या गोत्राचा मूळ अर्थ गाईंचा वाडा. ज्यांचीं गुरें एका वाड्यांत, तें एक कुळ. 'गविष्टि' म्हणजे गाईंची इच्छा, आणि वेदांत तिचाच अर्थ लढाई. जनकानें ब्रह्मिष्ठास द्यावयाच्या सहस्र गाई शिंगांना सोनें बांधून उभ्या केल्या, आणि याज्ञवल्क्यानें शिष्यास त्या घरीं हांकून नेण्यास सांगितलें, ही बृहदारण्यकांतील कथा सर्वांस ठाऊक आहे. ती पहिली 'फी' चार पायांवर चालत गेली. आजही सरकारदरबारीं 'पशुधन' शब्द चालतो. त्यांतील दोन्ही पदें मुळांत एकच गोष्ट सांगतात, हें आतां वाचकांच्या ध्यानांत येईल.

पशूचें मूळ कोणतें, याविषयीं मात्र एकमत नाहीं. यास्काचार्यांनीं तो 'पाहणें' या अर्थाच्या धातूपासून साधला आणि उणादिसूत्रांचीही तीच वाट. अर्वाचीन भाषाशास्त्री म्हणतात कीं, 'लोकर उपटणें, विंचरणें' या अर्थाचा एक प्राचीन धातु होता. ग्रीकांत त्यापासून 'लोकरीची कातडी' या अर्थाचा शब्द झाला, तेव्हां पशु म्हणजे आरंभीं लोकरीचें जनावर, मेंढी. फॅरो बेटांवरील जुन्या जातीच्या मेंढ्यांची लोकर उन्हाळ्यांत सैल होते आणि ती हातांनी उपटून काढण्याची चाल तेथें होती, हें या मतास साजेसें आहे. उलट, एमील बेन्व्हेनिस्त या फ्रेंच पंडितानें १९६९ सालीं असें प्रतिपादिलें कीं, क्रम नेमका विरुद्ध आहे : आधीं 'हलवितां येणारें धन' असा अर्थ, आणि मागाहून जनावर. त्याचा एक आधार असा कीं, प्राचीन इराणांत आणि प्राचीन इटलींत 'माणसें-पशु' अशी धनाची जोडी एका दमांत उच्चारीत. आपल्या अथर्ववेदांतही पांच पशु सांगितले आहेत, आणि गाई, घोडे, शेळ्या, मेंढ्या यांच्या पंक्तीला पांचवा पुरुष आहे. मला स्वतःला लोकरीची वाट अधिक पटते. पण बेन्व्हेनिस्ताचा आक्षेप टाकाऊ नाहीं.

हा पुरुष-पशु वाचला आणि मला एक मुलगा आठवला.

पुष्कळ वर्षांपूर्वीं संस्कृतच्या तासाला मीं 'जो केवळ पाहतो, पण विचार करीत नाहीं, तो पशु' अशी व्युत्पत्ति मोठ्या ऐटींत सांगितली. मागच्या बांकावरचा एक मुलगा उभा राहून म्हणाला, "गुरुजी, मेंढरूं विचार करतं. वाट चुकलं तर थांबतं." वर्ग हंसला. तो धनगराचा मुलगा होता. पावसाळा सरला कीं त्याचे वडील कळप घेऊन घाटाखालीं कोंकणांत उतरत, आणि हा मावशीकडे राहून शिकत असे. त्याची फी दोन महिने थकली होती. मला राग आला तो त्याच्या प्रश्नाचा, पण मीं काढला तो फीवर. "पशूच आहेस तूं," असें म्हणून मीं त्यास तास संपेपर्यंत उभें ठेविलें. पुढच्या बाजारानंतर त्यानें घडी घातलेल्या नोटा माझ्या टेबलावर ठेविल्या. मीं पावती करतांना, उशीर कां, असें विचारलें. तो म्हणाला, "मेंढी आतां विकली, गुरुजी."

त्या दिवशीं मला यांत कांहींच ऐकूं आलें नाहीं. आज ऐकूं येतें. ज्या घरीं पशु आणि फी हे दोन शब्द अजून वेगळे झालेलेच नव्हते, त्या घरचा तो मुलगा होता. वेदांतील ऋषि आणि आइसलंडांतील शेतकरी यांना जें सांगावें लागलें नसतें, तें मला कळावयास निवृत्तीनंतरची एक रात्र आणि एक कोश लागला. आम्हीं गाई-मेंढ्यांच्या जिवावर गोत्रें मिळविलीं, आणि दावणी सुटतांच पशु ही शिवी केली. ज्यांच्या दावणी सुटल्या नाहींत, त्यांनाच ती दिली.

त्या मुलाचा ठावठिकाणा मला ठाऊक नाहीं. भेटला, तर एवढेंच सांगेन कीं, मीं दिलेली व्युत्पत्ति बहुधा चुकीची होती, आणि त्याचा आक्षेप रास्त होता. नातीस मात्र दुसऱ्याच दिवशीं सारी हकीकत सांगितली, मेंढीच्या नोटांसकट. तिनें सर्व ऐकून घेतलें आणि विचारलें, "मग तुम्हीं त्याला बसा म्हणून कधीं सांगितलंत?" या प्रश्नाचें उत्तर कोणत्याही कोशांत नाहीं.

पुढील अंकीं 'ऋण' या शब्दाचें गोत्र पाहूं.